पलांडू कुळाचे बारा फोल्डर

काकू, हर्बेरियममध्ये तुम्हाला शेवटचं पाहिलं तेव्हा तुम्ही ब्रश धूत होतात. गरम पाण्याच्या धारेखाली ब्रशचे केस बोटांनी मोकळे करत होतात आणि पाठ माझ्याकडे होती. अ‍ॅप्रन आधीच खुंटीला गेला होता. मी टेबलाशी एका कागदावर वाकून, फार कामात असल्याचं दाखवत होते. तुम्ही हात पुसलेत, कोट घातलात, पर्स खांद्याला लावलीत आणि दारात थांबून म्हणालात, "गोंद पातळ झालाय गं. उद्या जरा घट्ट कर, नाहीतर पानं उचलतील." बास, एवढंच. मी मान हलवली. तुम्ही गेलात, आणि त्या वाक्यात टोमणा होता की नव्हता याचा विचार मी त्या दिवसापासून करते आहे. गोंद खरंच पातळ झाला होता का, तेही मी तुमची पाठ वळताच तपासून पाहिलं. झाला होता.

मी मुळातच संशयी. कराडला भाजीवाल्याने आपणहून जास्तीची कोथिंबीर घातली तर आमची आई घरी येऊन जुडी उलगडायची आणि आत काय दडवलंय ते बघायची. तो गुण माझ्यात पुरेपूर उतरला. ऐंशीच्या दशकात मी पेनसिल्व्हेनियातल्या त्या डोंगरांमधल्या युनिव्हर्सिटीच्या गावात पीएचडी करायला आले तेव्हा मला सगळ्यांचाच संशय येई. कॅम्पस बसचा ड्रायव्हर रोज 'हाऊ आर यू' विचारायचा आणि उत्तर ऐकायच्या आत दार लावायचा, त्याचा. अपार्टमेंटमधल्या दोघींचा, कारण माझं दूध माझ्या अंदाजापेक्षा लवकर संपायचं. चौथ्या दिवशी फोन वाजला आणि पलीकडून मराठी आवाज आला, "तू कराडची ना गं? मी हर्बेरियममधून बोलतेय. मला काकू म्हण. जेवलीस का?" माझा नंबर हिला कोणी दिला, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. जेवले होते की नाही ते आठवत नाही.

वाळवलेल्या झाडांचं ग्रंथालय, असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला हर्बेरियमबद्दल सांगायचात. तळमजल्यावर एक लांबलचक खोली, तिच्यात हिरव्या लोखंडी कपाटांच्या रांगा आणि डांबराच्या गोळ्यांचा डोक्यात जाणारा वास. जाड कागदावर दाबून वाळवलेलं एकेक झाड चिकटवलेलं, कोपऱ्यात चिठ्ठी: कुठे सापडलं, कोणी आणलं, नाव काय. एका जातीचे कागद एका फोल्डरमध्ये, फोल्डरच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने कुळाचा नंबर, आणि त्या नंबरांच्या क्रमाने कपाटं. तुम्ही आठवड्यातून चार दिवस येऊन झाडं चिकटवायचात. काका इंजिनिअरिंगला शिकवत होते. लग्न होऊन त्यांच्याबरोबर इथे येण्याआधी तुम्ही अमरावतीच्या कॉलेजात सात वर्षं बॉटनी शिकवली होती, आणि इथे आल्यावर हातात गोंदाचा ब्रश आला होता. याचं वाईट वाटतं का, असं मी तुम्हाला कधी विचारलं नाही. वाटत असणारच, असं मात्र धरून चालले, आणि पुढे तेच मला तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून उपयोगी पडलं.

तुमचा पहिला धडा मला अजून लख्ख दिसतो. मी एका जुन्या कागदावरचं चुकलेलं नाव ब्लेडने खरवडते आहे. मला वाटतंय, आपण किती नीटनेटकं काम करतोय. तुम्ही मागून येता आणि माझं मनगट धरता, जरा जोरातच. "ठेव ते ब्लेड. जुनं कोणाचं खोडायचं नाही इथे. तुला वाटतं हे झाड वेगळं आहे? मग तुझी चिठ्ठी शेजारी लाव. खाली नाव घाल, तारीख घाल. उद्या तुझंही चुकलेलं निघालं तर तिसरा कोणीतरी त्याची लावेल. पण तुझी कोणी काढणार नाही." मी चिडून ब्लेड बाजूला ठेवते. तुम्ही समोरचा फोल्डर उचलून कोपऱ्यावर बोट ठेवता. "आणि जागा बदललीस तर नंबर बदल. जुन्यावर एक रेघ, शेजारी नवा. इथे कोणी आपल्या आठवणीवर जायचं नाही. नंबर सांगेल तिथे फोल्डर." एवढं रागावून झाल्यावर त्याच संध्याकाळी तुम्ही मला तुमचा लांब टोकाचा चिमटा देऊन टाकलात, अमरावतीहून आणलेला. "माझ्याकडे दुसरा आहे," म्हणालात. दुसरा नव्हता, हे मला आठवड्याभरात कळलं, कारण तुम्ही वाळक्या पाकळ्या नखांनी उचलत होतात. कोणी आपली चांगली वस्तू उगाच देत नाही, असं मी मनाशी म्हटलं आणि चिमटा घेतला.

दुसऱ्या वर्षी प्रोफेसरांनी, म्हणजे माझ्या गाइडनी, मला पलांडू कुळ फोडायला सांगितलं. पलांडू म्हणजे कांदा. एकदल वनस्पतींमधलं हे मोठं कुळ तुम्ही अमरावतीला शिकवलंत आणि मी कराडला घोकलं, पण घोकंपट्टी एकच: सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, आणि जिथे पुढे फळ धरतं ती गाठ पाकळ्यांच्या वर असेल तर पलांडू कुळ, खाली असेल तर शेजारचं नर्गिसाचं कुळ. परीक्षेत एवढं लिहिलं की मार्क पडायचे. त्या एका नियमाच्या जोरावर कांदा, लसूण, शतावरी, कोरफड, कळलावी आणि बागेतली खरी लिली अशी एकमेकांशी काही देणंघेणं नसलेली मंडळी पिढ्यान् पिढ्या एका कपाटात नांदत होती. आता युरोपातून नवी मांडणी आली होती. बियांची सालं, परागकण, कंदांमधली रसायनं पाहून तिने सांगितलं होतं की हे एक कुटुंब नाहीच. कांदा-लसणाला वेगळं कुळ, शतावरीला वेगळं, कोरफडीला वेगळं, कळलावी तर भलतीकडेच. प्रोफेसरांना ती मांडणी पटली होती आणि सगळी कपाटं तिच्याप्रमाणे लावायची होती. मला तिचाही संशय होता. झाडं जगभर आपापल्या जागी उभी होती, हलत होते ते फक्त आमचे कागद.

पण काम माझ्या असिस्टंटशिपचं होतं. मे महिन्याच्या आत कपाटं लागली नाहीत तर पुढच्या वर्षी हे काम दुसऱ्या कोणाला द्यावं लागेल, असं प्रोफेसर चष्मा पुसत, अगदी मऊ आवाजात म्हणाले होते. असिस्टंटशिप गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की मी कराडच्या घराच्या पायरीवर, हातात बॅग. शिवाय माझा प्रबंधच कळलावीच्या त्या नव्या कुळावर होता. तुम्हाला ते कळलं तेव्हा खूप हसलात. "कळलावी घरात आणली की भांडणं होतात म्हणतात, आणि तू तिच्यावर पीएचडी करतेस? जपून गं बाई." हर्बेरियममध्ये सह्याद्रीतल्या कळलावीचा एक जुना फोल्डर होता, कधीकाळी भारतातून अदलाबदलीत आलेला. पानाच्या टोकाचा तो वळलेला तणावा वाळूनही तसाच होता. तेवढा एक फोल्डर उघडला की मला घरी गेल्यासारखं वाटायचं, हे मी तेव्हा कोणालाच सांगितलं नाही.

सप्टेंबरात मी फोल्डर हलवायला लागले. जुन्या कपाटातून गठ्ठा काढायचा, बाहेरचं नाव वाचायचं, नव्या कपाटात लावायचा. ऑक्टोबरात एका सकाळी पाहते, तर शतावरीचे दोन फोल्डर परत जुन्या कपाटात. माझंच चुकलं असेल म्हणून मी ते पुन्हा हलवले. पुढच्या आठवड्यात कोरफडीचा एक परत. मग रानलसणीचे दोन. मी आधी टेक्सासच्या त्या मुलीवर संशय घेतला, जी माझ्याच खोलीत बसायची आणि जिला माझी असिस्टंटशिप मिळाली असती. दोन दिवस तिच्या मागावर राहिले. ती तळमजल्यावर उतरायचीच नाही, तिला त्या वासाने शिंका यायच्या. किल्ल्या तीनच होत्या: एक प्रोफेसरांची, एक माझी, एक तुमची.

एकदा तुमच्याबद्दल वाटायला लागल्यावर सगळं जुळतच गेलं. जुनी मांडणी तुम्ही सात वर्षं शिकवलेली, नवी तुम्हाला कशी आवडेल. शिकवायचं सोडून चिकटवायची वेळ आलेली, आणि ही कराडची पोरगी येऊन कपाटं फोडते. तुम्ही एका छोट्या वहीत काहीतरी लिहायचात आणि मी आले की वही अ‍ॅप्रनच्या खिशात जायची. माझ्या प्रबंधाची चौकशी करायचात. चार दिवस दिसले नाही तर फोन करायचात. चांगुलपणा एवढा कोणाला परवडतो, असं मला वाटायचं.

त्याच सुमारास तुम्ही मला रविवारी जेवायला बोलावलंत. तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. खिडकीत कोरफडीची कुंडी, टोपलीत कांदे, दोरीला लसणाची माळ. गावात शेवग्याच्या शेंगा कुठून मिळणार, म्हणून तुम्ही सुपरमार्केटमधल्या हिरव्या शतावरीचे कोंब तुकडे करून आमटीत टाकले होते. तुम्ही कांद्याची टोपली हातात धरून विचारता, "तुझ्या साहेबांच्या नव्या मांडणीप्रमाणे ही कोरफडीपासून हलवू का आता? की एका खिडकीत राहिलेलं चालेल त्यांना?" काका हसतात. मला वाटतं, बघा, मनातलं बाहेर आलंच. काउंटरवर ती छोटी वही उघडी पडलेली आहे. तुम्ही भात वाढायला वळल्यावर मी मान लांब करून वाचते: 'शतावरी, दोन. कोरफड, एक. रानलसूण, दोन.' माझे परत गेलेले फोल्डर, एकूण एक, तुमच्या अक्षरात. समोर बसलेली तुमची बारा वर्षांची मुलगी म्हणते, "मॉम, शी इज रीडिंग युअर बुक." मी मान मागे घेते. तुम्ही म्हणता, "वाचू दे की. अगं, त्याच्यातलंच तुला विचारायचं होतं. तू नंबर घालतेस ना फोल्डरवर? घातलेस सगळ्यांवर?"

"हो, घातलेत," मी म्हटलं.

तुम्ही आणखी काही बोलणार होतात, पण मला बस पकडायची होती. रविवारची बस तासातून एकदा सुटायची हे खरं, पण तेव्हा तिला अजून पाऊण तास होता. मी आमटीची वाटी संपवून उठले. तुम्ही डबा भरून दिलात तो घेतला आणि स्टॉपवर थंडीत उभी राहिले. तुमच्या घरात बसून तुम्हीच मला प्रश्न विचारावेत, याचा मला राग आला होता.

त्यानंतर मी जुन्या कपाटाच्या दाराला खाली एक दोरा लावून ठेवला. शिवणाचा, हिरवा, दाराच्या रंगाचा. संध्याकाळी लावायचा आणि सकाळी बघायचा. तिसऱ्या दिवशी दोरा तुटलेला होता आणि आत आणखी सहा फोल्डर परत आलेले होते. एकूण अकरा झाले. त्याच आठवड्यात एका दुपारी मी जिना उतरले तेव्हा तुम्ही ते कपाट बंद करत होतात. मला पाहून हसलात. मी थेट माझा कळलावीचा फोल्डर बघायला गेले, नव्या कपाटात. जागा रिकामी होती. जुन्या कपाटात पाहिलं, तिथेही नव्हता. तुम्हाला विचारायला चार पावलं पुरली असती. तुम्ही टेबलाशी उभ्या राहून गोंद ढवळत होतात. मी वर गेले आणि प्रोफेसरांच्या दारावर टकटक केली.

मला कोणावर आरोप करायचा नाही, अशी सुरुवात केली आणि मग सगळं सांगितलं. परत गेलेले फोल्डर, वही, दोरा, रिकामी जागा. प्रोफेसर लाजाळू गृहस्थ, त्यांना भांडणतंटा नको असायचा. चष्मा काढून त्यांनी विचारलं, "आर यू शुअर?" मी म्हटलं, "येस." पुढच्या सकाळी त्यांनी तुम्हाला वर बोलावलं. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. तुम्ही दहा मिनिटांत खाली आलात, अ‍ॅप्रन काढलात आणि ब्रश धुवायला घेतलात. किल्ली वर राहिली होती.

मी सांगितलं हे तुम्हाला कळलं असणारच. तरी दिवाळीला काकांच्या हाती तुमचा चकल्यांचा डबा आला. मी तो दोन दिवस उघडला नाही. विषबाधेची भीती नव्हती, एवढी काही मी वेडी नाही. पण डब्यात चिठ्ठी असेल आणि तिच्यात मला लाज वाटेल असं काही असेल, असं वाटत होतं. चिठ्ठी नव्हती. चकल्या काटेरी आणि खुसखुशीत होत्या. त्याचाही मी अर्थ लावत बसले. मराठी मंडळाच्या तिळगुळाला चर्चच्या हॉलमध्ये तुम्ही भेटलात आणि "खातेस ना नीट? वाळलीयेस," म्हणालात. मी म्हटलं, "खाते." एवढं बोलून मी कोटांच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

फोल्डर परत जायचे थांबले. हाच पुरावा, असं मी स्वतःला सांगितलं. अकराही पुन्हा नव्या जागी लावले, मेच्या आत कपाटं पूर्ण झाली, असिस्टंटशिप टिकली. कळलावी मात्र सापडली नाही. दुसऱ्या एका म्युझियममधून मी कागद उसने मागवले.

जून महिन्यात तळमजल्याच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या बियाण्यांच्या लॅबमधला माणूस आला. दाढीवाला, धिप्पाड, मी त्याच्याशी कधी बोललेही नव्हते. म्हणाला, "तुमच्या त्या लेडीचं पार्सल आमच्या फ्रीझरमध्ये पडून आहे. मला शेल्फ हवंय." मी विचारलं, कसलं पार्सल. तो म्हणाला, "तुमची झाडं. त्यात किडे होते ना. शी केम एव्हरी वीक. डांबराच्या गोळ्यांनी तिचं डोकं दुखायचं, म्हणून ते किडे गोठवून मारायला तिने माझ्याकडे जागा मागितली. आमच्या बॉसनेही हो म्हटलं होतं. इज शी सिक?" मी म्हटलं, नाही, तिने काम सोडलं. फ्रीझरच्या तळाशी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांमध्ये नीट गुंडाळलेला कळलावीचा फोल्डर होता. पिशवीवर तुमच्या अक्षरात तारीख होती, मी वर जाऊन दारावर टकटक केली त्याच्या आदल्या दिवसाची.

फोल्डर उघडला. कागदाच्या मागे, एका टोकाला गोंदाचा ठिपका देऊन, तुम्ही चिठ्ठी लावली होती. वरच्या दोन ओळी इंग्रजीत: किडे दिसले, फ्रीझरमध्ये ठेवलं, तारीख, तुमची सही. खाली बारीक मराठीत, बहुधा फक्त तुमच्यासाठी: 'नंबर जुनाच दिसतो. पण तिने घातलेत म्हणाली. तिच्या नंबराप्रमाणे परत ठेवायचं.'

मी कपाटाकडे गेले आणि ते अकरा फोल्डर पहिल्यांदा आतून उघडून पाहिले. तोवर मी फक्त बाहेरची नावं वाचत होते. प्रत्येकात चिठ्ठी होती. किडे, फ्रीझर, तारीख, सही. शेवटच्या सहांवर खाली तेच: 'नंबर तिने घातलाय. त्याप्रमाणे ठेवलं.' कागदांना सुईच्या टोकाएवढी भोकं होती आणि भोकांत किड्यांनी पाडलेला तपकिरी भुसा. किडे मात्र मेलेले होते. उजव्या कोपऱ्यात प्रत्येकावर पलांडू कुळाचा जुना नंबर, त्यावर रेघ नाही, शेजारी नवा नाही. मी एकाही फोल्डरवर नंबर घातला नव्हता. प्रोफेसरांचं मत पुन्हा फिरलं तर काय घ्या, सगळे नंबर पुन्हा खोडत बसायचे, त्यापेक्षा शेवटी एकदम घालू, असं मी ठरवलं होतं. मला नव्या मांडणीचा भरवसा नव्हता. तुम्हाला मात्र माझ्या 'हो'चा होता. फोल्डर नव्या कपाटात सापडला तरी त्याच्यावर जुना नंबर आहे, आणि नंबर तर हिने तपासलेत, म्हणजे हा जुन्या कपाटातलाच, चुकून इकडे आला असेल, असं धरून तुम्ही माझंच काम निस्तरत होतात.

मग मी जे केलं ते तुम्ही पहिल्याच धड्यात मना केलं होतं. तुमचाच चिमटा घेतला आणि बाराही चिठ्ठ्या सोडवून काढल्या. प्रोफेसरांना मराठी येत नव्हतं, त्या अख्ख्या इमारतीत कोणालाच येत नव्हतं, तरी काढल्या. मग पेन्सिल घेऊन बाराही फोल्डरांवर, आणि पुढच्या आठवडाभरात बाकीच्या सगळ्यांवर, जुन्या नंबराला रेघ मारली आणि नवे घातले. प्रोफेसरांना सांगितलं की कळलावी कपाटामागे पडलेली सापडली. ते "वंडरफुल" म्हणाले आणि पुन्हा वाचायला लागले. माझी मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पण लाज वाटली म्हणून मी दार ठोठावलं का? नाही. एकदा आरोप करायला वर जाणं सोपं गेलं होतं.

तोवर काकांना डेट्रॉइटकडे गाड्यांच्या कंपनीत नोकरी लागली होती आणि तुम्ही ट्रॉयला राहायला गेला होतात. मंडळाच्या यादीतून मी नंबर मिळवला आणि एका शनिवारी सकाळी लावलाही. तुमच्या मुलीने उचलला. "हॅलो? हू इज धिस?" मागे कुकरची शिट्टी झाली आणि तुमचा आवाज आला, "कोण आहे गं?" मी रिसीव्हर ठेवला. त्यानंतर पाच-सहा वर्षांनी मंडळाच्या वार्तापत्रात तुम्ही गेल्याच्या चार ओळी आल्या. तुम्ही तिथेही कोणत्याशा कॉलेजच्या हर्बेरियममध्ये झाडं चिकटवायला जात होतात, असं त्यात लिहिलं होतं. तेवढं वाचून मला हायसं वाटलं आणि लगेच संशय आला की हायसं वाटायला आपण फारच उतावीळ आहोत.

पुढे मी फिरून त्याच युनिव्हर्सिटीत नोकरीला लागले. ज्या खोलीची किल्ली तुमच्याकडून गेली, ती कितीतरी वर्षं माझ्या पर्समध्ये राहिली. या काळात पलांडू कुळाची आणखी दोनदा उलथापालथ झाली. आता पेशींतला मजकूर, म्हणजे डीएनए, वाचून कुळं ठरवतात, आणि कांद्याला त्यांनी नेऊन नर्गिसाच्या घरात घातलंय. गाठ वर की खाली, हे ज्याच्यासाठी आपण दोघींनी मार्क मिळवले, ते आता कोणी विचारतही नाही. शतावरीच्या कुळात घायपात आलाय. तुम्ही असतात तर टोपली हातात धरून मला काय विचारलं असतंत, याचा मी पुष्कळदा अंदाज करते.

या महिन्यात मी निवृत्त होते आहे. माझ्या जागी येणारी मुलगी हुशार आहे आणि, मला बरं वाटलं, संशयीही आहे. परवा तिने ते बारा फोल्डर माझ्यासमोर ठेवले. "यांना कीड लागलेली दिसते, पण पुढे वाढलेली नाही. कोणीतरी ट्रीटमेंट केलीये. मग रेकॉर्ड का नाही?" मी म्हटलं, बघते. चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत, काकू. तुमच्याच चकल्यांच्या डब्यात, एवढी वर्षं. टाकून द्यायचं अनेकदा ठरवलं, पण ते काही जमलं नाही.

तरीही एक शंका माझ्या मनातून गेलेली नाही आणि ती मी तुमच्यापासून लपवणार नाही. वर बोलावल्यावर त्या दहा मिनिटांत तुम्ही बोलला का नाहीत? फ्रीझर, चिठ्ठ्या, सगळं तुमच्या बाजूने होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण ते बोलायचं तर, नंबर घातलेत असं मी खोटं सांगितलं, हे प्रोफेसरांसमोर आलं असतं, आणि मी कराडला परत गेले असते. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का, की मी खोटं बोलले? की तुम्हाला शेवटपर्यंत वाटत राहिलं की नंबर बरोबर होते आणि चूक तुमचीच झाली? यातलं कुठलं खरं असावं असं मला वाटतं, ते मला ठरवता येत नाही. दोन्ही सहन होत नाहीत.

काल दुपारी मी खाली गेले. गोंद घट्ट कालवला. तुमच्या बाराही चिठ्ठ्या होत्या तिथे परत लावल्या, टोकाला एकेक ठिपका देऊन. जागा शोधावी लागली नाही, जुन्या गोंदाचे डाग होते. मग नियमाप्रमाणे कळलावीच्या कागदावर, तुमच्या चिठ्ठीशेजारी, माझी चिठ्ठी लावायला घेतली. एकच ओळ घालायची होती, की नंबर मी घातले नव्हते. खाली नाव लिहिलं. तारीख लिहिली. वरची ओळ अजून लिहायची आहे.